बसलेला घोडा

जिभाऊंनी लाकडी घोड्याच्या ओठाखाली अंगठा घातला आणि त्याचे दात बघितले.

दात होते. सुताराने ते मन लावून कोरले होते, कारण गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. मग जिभाऊंनी पाठीवरून हात फिरवला, शेपटी उचलून पाहिली, चारी खूर आळीपाळीने तपासले आणि कपाळावरच्या भोवऱ्यापाशी डोळे नेऊन बराच वेळ वाकून राहिले. घोडा वीतभर उंचीचा होता. आमच्या मागे सारंगखेड्याच्या यात्रेतले खरे घोडे खिंकाळत होते आणि त्यांचे व्यापारी खांद्यावरचे टॉवेल तोंडात कोंबून हसत होते.

“जिभाऊ, चाल दाखवू का त्याची?” एकाने विचारलं.

“तू तुझी चाल सुधार आधी,” जिभाऊ मान वर न करता म्हणाले. “सकाळपासून एक घोडं खपलं नाही तुझं.”

जिभाऊ म्हणजे माझे सासरे, यादवराव बोरसे. शहाद्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढला. गाड्या लावल्या, गाड्या सोडल्या, आणि उरलेल्या वेळात घोडे जमवले. पितळेचे, लाकडाचे, मातीचे, दगडाचे, एक तर चिंध्यांचा. बाहेरच्या खोलीत काचेची कपाटं होती आणि त्यांत घोडेच घोडे. घोड्यांच्या खोडी, भोवरे, कान, आयाळ, सगळं त्यांना तोंडपाठ. मात्र खरा घोडा समोरून आला की हा माणूस रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. स्वतःच्या लग्नात त्यांनी घोडीवर बसायला साफ नकार दिला होता आणि वरात जीपमधून काढली होती. सासूबाई हे प्रत्येक पाहुण्याला सांगत.

घरात एक तह होता. वर्षाला एकच घोडा, तोही दत्तजयंतीच्या यात्रेतला. एके वर्षी डाळीच्या डब्यांमागे तीन घोडे लपवलेले सापडले, तेव्हा सासूबाईंनी हा तह लादला होता. आणि तहाचं दुसरं कलम असं, की नवं जनावर विकत आणलं की दारात त्याचे पाय धुतात, कपाळी हळदकुंकू लावतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, तसं या घोड्यांचंही व्हायचं. ते सासूबाई करणार. त्यांनी पाय धुतले नाहीत तर घोडा उंबऱ्याबाहेर. एकदा त्यांनी कच्च्या मातीच्या घोड्याचे पाय इतके मनापासून धुतले होते, की खूरच विरघळले. जिभाऊ म्हणत, मुद्दाम. सासूबाई म्हणत, भक्ती.

त्या वर्षी यात्रेला जिभाऊंबरोबर मी होते. माझे यजमान सुरतेला नोकरीला, त्यांना रजा नव्हती. जिभाऊंचे गुडघे दुखत होते, घोडा धरून बसमध्ये चढायला कुणीतरी हवं होतं. माझ्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते.

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा मी कुणालाच सांगितली नव्हती. संक्रांतीला मी माहेरी जाणार होते, आणि गेले की लवकर परत यायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. छळ वगैरे काही नव्हता हो. छळ असता तर सोपं होतं, आमच्या कराडच्या बायका छळाला पुरून उरतात. इथे मला चांगुलपणा सोसवत नव्हता. सासूबाई मला ‘अहो सुलभा’ म्हणायच्या. सुनेला ‘अहो’! “तुम्ही चहा घेतलात का?” “तुम्ही कशाला उठलात?” मी भाकरी जाड थापली तरी “छान झाली आहे,” चहा गोडमिट्ट केला तरी “छान झाला आहे.” घरात आपसात सगळे अहिराणी बोलत. मी खोलीत पाऊल टाकलं, की गाडीने रूळ बदलावा तसे सगळे पुस्तकी मराठीवर येत आणि मग लवकरच गप्प होत. रोज दुपारी सासूबाई शेजारच्या मंगलकाकूंकडे पीठ बघायला जात आणि भिंतीपलीकडून त्यांचं खदखदून हसणं मला ऐकू येई. आमच्या घरात ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, हसण्याचा विषय मीच असणार. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून राही, हातात मासिक, समोर घोडे. दुपारी कधी आडवी झाले नाही. पाहुण्याच्या घरी कुणी आडवं होतं का?

तर तो लाकडी घोडा. काठेवाडी, कान आत वळून टोकाला टोक लागलेले. जिभाऊंनी गेल्या यात्रेत चाळीसगावच्या त्या सुताराला सांगून ठेवलं होतं आणि वर्षभर ते त्या कानांबद्दल बोलत होते. शेजारीच दोंडाईच्याचे वकील उभे होते. तेही घोडेवाले, पण पैसेवाले घोडेवाले. जिभाऊंनी नको म्हटलं की झडप घालायच्या तयारीत.

“कान बघ, सुलभा,” जिभाऊ म्हणाले. “असे कान दहा वर्षांत कुणी कोरले नाहीत. कसा वाटतो?”

“छान आहे,” मी म्हणाले.

“तुला सगळंच छान वाटतं.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “परवा मुतखड्याचं औषध चाखलंस, तेही छान होतं.”

मी कसनुसं हसले. ते सुताराशी बोलायला लागले आणि मी चार पावलं पुढे सरकले.

तिथे एक बाई मातीचे घोडे मांडून बसली होती. भट्टीतून पक्के भाजलेले, लाल, ओळीने उभे. तिच्या मांडीपाशी गोणपाटाखालून काहीतरी डोकावत होतं. मी वाकून पाहिलं. घोडाच होता, पण तो बसला होता. बसला म्हणजे पार आडवा, चारी पाय पोटाशी घेऊन, हनुवटी जमिनीला टेकवून. डोळे मिटलेले. कान सैल सोडलेले.

इतक्या घोड्यांत मी चार महिने काढले होते. उभे पाहिले, धावते पाहिले, मागच्या पायांवर उठलेले पाहिले. बसलेला एकही नव्हता.

“हा केवढ्याला?” मी विचारलं.

“येले कोनी लेत नही, बाई,” ती म्हणाली. “बठ्ठा म्हनतस, मरेल घोडा शे.”

चार महिन्यांत माझी जीभ तयार झाली नव्हती, पण कान झाला होता. कुणी घेत नाही, सगळे म्हणतात मेलेला घोडा आहे.

“मग केला कशाला?”

बाईने तोंडाला पदर लावला. “उभा घोडा करी करी माले कटाळा उना. म्हनं, एकले तरी बसू दे.”

मी गोणपाट बाजूला केलं आणि घोडा हातात घेतला. उन्हाने तो कोमट झाला होता. मला तो का हवा होता हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण तो मला हवा होता, आणि लग्न झाल्यापासून मला काही हवं आहे असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

जिभाऊ काखेत काठी अडकवून आले. घोडा बघून दोन पावलं मागे गेले.

“अरे देवा! ठेव खाली. बसलेला घोडा घरात नेतात का? दारातला घोडा बसला की घराचं नशीब बसलं. बाराही गावांत विचार.”

“हा बसलेला नाही, झोपलाय,” मी म्हणाले.

“घोडा उभ्याने झोपतो.”

“हा आडवा झोपलाय.”

“म्हणजे मेलाय.”

“जिभाऊ, मला हा हवाय.”

बोलून गेले आणि माझी मलाच भीती वाटली. जिभाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला.

“चार महिन्यांत पोरीने पहिली वस्तू मागितली,” ते त्या बाईला म्हणाले, “साडी नाही, बांगडी नाही. मढं मागितलं.”

मघाचा टॉवेलवाला व्यापारी मागे येऊन उभाच होता. यात्रेत फुकटची करमणूक कोण सोडणार. “जिभाऊ, ताई बरोबर बोलते,” तो म्हणाला. “घोडा आडवा होतो की. चांगला घोरतो. पण आपल्या ठाणावर, आपल्या माणसांत. नव्या जागेवर नेला तर किती दिवस उभाच. डोळा मिटेल, पाय नाही मोडायचा. भरवसा बसल्याशिवाय जनावर खाली बसत नाही. आता ह्या यात्रेत बघा, एक तरी बसलेला दिसतो का?”

आम्ही पाहिलं. तापीच्या काठापर्यंत घोडे होते. पांढरे, काळे, तांबूस, शेंदरी झुली घातलेले, पायांत घुंगरू. सगळे उभे. काहींचे डोळे मिटत होते आणि एक पाय सैल पडत होता, पण सगळे उभे.

मी घोडा खाली ठेवला आणि उगाच दुसऱ्या एका घोड्याची आयाळ चाचपायला लागले.

जिभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून त्या लाकडी घोड्याकडे पाहिलं. सुताराने तो उन्हात ठेवला होता आणि कानांची टोकं एकमेकांना लागलेली लांबूनही दिसत होती. वकील तिथेच घुटमळत होते.

“वकीलसाहेब,” जिभाऊंनी हाक मारली. आवाज स्टँडवरचा, लाउडस्पीकरची गरज नसलेला. “कान घेऊन जा. यंदा आमची गाडी फुल आहे.”

वकिलांचा विश्वास बसेना. “जिभाऊ, तब्येत बरी आहे ना?”

“तब्येत तुमची जपा. घरी घोडा कुणाला दाखवाल, बायको तर बोलत नाही तुमच्याशी.”

बसमध्ये मी घोडा ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. मी म्हणाले, “जिभाऊ, तुम्ही वर्षभर वाट बघितली होती.”

“मग? आणखी बघीन. एसटीत नोकरी केली आहे मी.” थोड्या वेळाने म्हणाले, “पण एक लक्षात ठेव. दारात तुझी सासू आहे. ती ह्याचे पाय धुणार नाही. आणि तिने नाही म्हटलं तर घोडा बाहेर, मग मी मध्ये पडणार नाही. मी घोडीवर बसायला भ्यायलो होतो, पण त्याहून जास्त मी तुझ्या सासूला भितो.”

दारात सासूबाई तांब्या आणि ताट घेऊन उभ्याच होत्या. जिभाऊंना बघून त्यांचा चेहरा खुलला, ओठांवर टोमणा तयार दिसत होता. मी ओढणी सोडली. त्यांनी घोडा पाहिला. चेहरा पडला, मग लाल झाला, आणि त्या जिभाऊंवर कडाडल्या:

“हाऊ मरेल घोडा कोठून उना? बाहेर फेका आदी!”

“सुलभाने निवडलाय,” जिभाऊ म्हणाले आणि सरळ तुळशीपाशी जाऊन उभे राहिले.

सासूबाईंनी आवंढा गिळला. मी तो गिळताना पाहिला. पदर सारखा केला, ओठांवर हसू आणलं, आणि मला म्हणाल्या, “असं का? छान आहे हं. तुम्हाला आवडला ना, मग छान आहे.”

मला त्या ‘छान’चा असा राग आला म्हणता! जिभाऊंना फेका म्हणाल्या होत्या, मला छान. घराचं नशीब बसवायला निघालेल्या सुनेलाही ही बाई रागवत नव्हती. माझा आवाज फुटला.

“छान नाहीय तो, आई! तुम्हाला अजिबात आवडलेला नाही! माझा चहाही आवडत नाही, भाकरीही आवडत नाही, मग सांगत का नाही? जिभाऊंना ओरडता, ह्यांना ओरडता, दूधवाल्याला ओरडता. मीच काय घोडं मारलंय तुमचं? मला पाहुण्यासारखं नका वागवू. रागवा ना मला!”

मंगलकाकू पिठाचे हात घेऊन दाराशी आल्या. मला वाटलं, संपलं. संक्रांतीपर्यंत थांबायची गरजच उरली नाही.

आणि मग सासूबाई सुटल्या.

“पाहुनी? मंग ऐक! हाऊ घोडा माले आवडना नही! घोडाना बाजारमाईन मरेल घोडा कोन आनस? तुन्हा सासराले अक्कल नही, तुले बी नही! च्यामा इतली साखर कोन टाकस? भाकर शे का जातानं दगड शे? दिनभर खुर्चीवर बठीसन राहस, माले वाटस शाळानी बाई तपासनीले उनी! चार महिना व्हयनात, काय बोलू, कशी बोलू, मन्ही जीभ सुकी गयी!”

याच्या पुढचं मला निम्मंच कळलं. साड्यांच्या घड्या, तुरीच्या डाळीला दिलेली फोडणी, आणि बहुधा माझे भाऊही त्यात येऊन गेले. चार महिन्यांचं साठलेलं होतं, सावकाश थोडंच येणार. मी उंबऱ्याबाहेर घोडा छातीशी धरून उभी होते आणि रडत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

सासूबाई दम घ्यायला थांबल्या. तुळशीपासून जिभाऊ म्हणाले, “झालं? चार महिने सांगतोय हिला, बोल म्हणून. म्हणते कशी, कराडची शिकलेली पोर, आपलं बोलणं ऐकून हसेल. आणि रोज मंगलकडे पीठ बघायला. कसलं पीठ! बोलायला जाते. घरी शुद्ध बोलून बोलून हिचा जबडा दुखतो.”

“चूप बसा तुम्ही!” सासूबाई म्हणाल्या. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तांब्याकडे बघत होत्या.

मला माझीच काळजी होती इतके दिवस. ही बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपाशी, माझ्या धाकाने पाय न टेकता वावरत होती, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला तिची फार माया वाटली.

“आई,” मी डोळे पुसत म्हणाले, “मी तरी म्हायेरी अशी सुद्ध कुठं बोलत्ये वो? आमच्याकडं ‘काय करायलाईस’ म्हन्त्यात. तुमी हसशीला म्हनून मीबी त्वांड मिटून बसल्ये.”

“काय करायला... काय?” सासूबाईंनी विचारलं.

“करायलाईस.”

त्यांनी एकदा मंगलकाकूंकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते. ताट कलंडलं, हळद सांडली, कुंकू सांडलं, त्या दाराची चौकट धरून हसल्या. आम्ही दोघी ज्याला भीत होतो ते असं भर दारात झालं, आणि मीही त्यांच्या ‘जातानं दगड’वर हसत सुटले.

मग त्यांनी पदराने डोळे टिपले, हात पुढे केला आणि माझ्याकडून घोडा घेतला. तांब्या तिरका केला, नि थबकल्या.

“आते येना पाय कथा शेत?”

पाय पोटाखाली होते. त्यांनी घोडा उलटा केला. तळाशी, जिथे कुणी कधी बघणार नव्हतं तिथे, चारी पाय गुडघ्यात नीट मुडपलेले होते आणि एकेक खूर वेगळा काढलेला होता. सासूबाईंनी त्या खुरांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

“बाईमानूसनं काम दिसस,” त्या हळूच म्हणाल्या. “उभा करी करी कटाळी गयी व्हई बिचारी.”

हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. जिभाऊंनी तुळशीपाशी खाकरल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं. सासूबाईंनी चार थेंब पाणी बोटाने खुरांना लावलं, सांडलेलं कुंकू उंबऱ्यावरून चिमटीत उचलून घोड्याच्या कपाळी टेकवलं, घोडा माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. मी काचेचं कपाट उघडून घोडा वरच्या फळीवर ठेवायला गेले, तर मागून आवाज आला.

“तठे कोन ठेवस? पडी जाई! आठे ठेव.”

संक्रांतीला मी कराडला गेले खरी, पण हळदीकुंकू आटोपताच परत फिरले. आई म्हणाली, इतकी कसली घाई? मी म्हणाले, तिकडं चहा कुणी करायचा?

पण घोडा आणला त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं. जेवणं झाली. भाकरी सासूबाईंनी केल्या आणि भाकरी म्हणजे काय असते हे मला पुन्हा एकदा ऐकावं लागलं. मग मी मधल्या खोलीत सतरंजी अंथरली आणि उशी न घेताच आडवी झाले. डोळा लागला. मध्येच कधीतरी जिभाऊंचा आवाज कानावर आला, ते कुणाला तरी त्या लाकडी घोड्याच्या कानांचं वर्णन करत होते, आणि वर्णन करता करता आवाज स्टँडवर पोचला होता.

“हळू बोला ना,” सासूबाई म्हणाल्या. “पोर झोपेल शे.”

मी जागी होते. पण उठले नाही.